गिरणीवरच्या शाळेचा पैलवान

आमची शाळा पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर होती. खाली सकाळपासून चक्क्या सुरू, वर आम्ही. त्या खडखडाटात माडीवर बिऱ्हाड करायला कुणी तयार होत नसे, म्हणून मालकांनी दोन खोल्या आम्हाला स्वस्तात दिल्या होत्या. आमच्या पोरांना त्या आवाजाचं सोयरसुतक नव्हतं. शाळा मुक्याबहिऱ्यांची होती. तेव्हा लोक असंच म्हणत, मूकबधिर हा शब्द फक्त दारावरच्या पाटीला ठाऊक. कानांना ऐकू येत नसलं तरी लाकडी तक्तपोशीची थरथर पोरांच्या तळपायांना बरोबर कळायची. वीज गेली की गिरणी थांबे, आणि पंखा बंद पडलाय हे माझ्या लक्षात येण्याआधी वर्गातली सगळी पोरं खाली फळ्यांकडे बघत.

मी तेव्हा पंचविशीची, नुकतीच प्रशिक्षण घेऊन नाशकात आलेली, आणि रागीट. हे मी आजही नाकारत नाही. शाळेत खुणा करायला बंदी होती. मुलांना बोलायलाच शिकवायचं, हात पाठीमागे बांधून बसवायचं, असं त्या काळचं शास्त्र सांगायचं. पोरं ते शास्त्र रोज मधल्या सुट्टीत धाब्यावर बसवत. प्रत्येकाला त्यांनी खुणेचं नाव ठेवलं होतं. मोठ्या बाईंचं नाव म्हणजे नाकावरून चष्मा खाली ओढणं. माझं नाव म्हणजे दोन बोटांनी दोन्ही भुवया आवळून एकत्र आणणं. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला इतका राग आला की माझ्या भुवया तशाच झाल्या, आणि अख्खा वर्ग हसून लोळला.

त्या वर्गात एक सात-आठ वर्षांची मुलगी होती. इगतपुरीच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. आई तिला पहाटेच्या पॅसेंजरने नाशिकरोडपर्यंत आणायची, तिथून बसने गावात. परत जाऊन परत यायला वेळ नसे, म्हणून आई दिवसभर गिरणीच्या जिन्यात बसून राहायची. नुसती बसायची नाही. दळणाला आलेल्या बायकांचे गहू-बाजरी निवडून द्यायची, त्या हातावर काहीबाही ठेवायच्या. मुलगी हुशार होती, अंगात नुसती वीज. सहा महिन्यांत ती आई, भात आणि पाणी हे तीन शब्द स्वच्छ बोलायला लागली. आईने भात हा शब्द ऐकला त्या दिवशी तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं होतं.

गणपती झाल्यावर एक दिवस आई जिना चढून वर आली. ती कधी वर येत नसे.

"बाई, भाताची कापणी लागली का मी नाय यायची," ती म्हणाली. "तिचा बाप म्हणतो, लय झालं. पोरगी घरीच ऱ्हाईल मंग."

तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. वर्षाचं पोट त्या भातावर. मुलीला नाशकात ठेवून घेणं एवढाच उपाय होता, आणि आमच्याकडे वसतिगृह नव्हतं. माडीवर तिसरी खोली होती, तिच्यात मालकांची पोती पडलेली. मालक ती द्यायला तयार होते. पण खाटा हव्यात, भांडी हवीत, पोरींपाशी राहणारी स्वयंपाकाची बाई हवी, आणि हे सगळं कुठून येणार याचं उत्तर ना मोठ्या बाईंकडे होतं, ना माझ्याकडे. दिवाळीच्या आत ते सापडलं नाही तर आमची सगळ्यात चुणचुणीत मुलगी तीन शब्द घेऊन पाड्यावर परत जाणार होती.

नेमक्या त्याच सुमारास गावात ते पिवळं पत्रक फिरलं. एका सेवाभावी मंडळाने नाशिकच्या नामवंतांची नृत्यस्पर्धा ठरवली होती. एकेक नामवंत एकेका संस्थेसाठी नाचणार, बरोबर त्या संस्थेतलं एक माणूस नाचणार, आणि ज्याचा पहिला नंबर येईल त्याच्या संस्थेला तिकिटांची सगळी रक्कम. गावात एकच चर्चा. ज्यांनी निम्म्या नाशकाचं अपेंडिक्स काढलं ते डॉक्टर नाचणार, माहेर नाशिकचं असलेली नाटकातली नटी नाचणार, एक क्रिकेटपटू, एक गवई. हा काय थिल्लरपणा, असं जे जे म्हणाले त्या सगळ्यांनी पहिल्या दिवशीच तिकिटं काढली.

कोण कोणासाठी नाचणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. मी देव पाण्यात घालून नटीसाठी बसले होते. मोठ्या बाईंनी चिठ्ठी उचलली, उघडली, आणि चष्मा खाली ओढून माझ्याकडे पाहिलं. आमच्या वाट्याला पैलवान आला होता.

पैलवानाला नाशकात कोण ओळखत नव्हतं? जत्रेतल्या कुस्त्यांच्या पत्रकावर त्याचा फोटो सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठा. उभ्या जिल्ह्यात त्याच्या पाठीला कुणी माती लावली नव्हती. वय तीस-बत्तीस, मान आणि डोकं एकाच रुंदीचं, आणि स्वभाव इतका लाजरा की पहिल्या दिवशी जिना चढून आला आणि माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या बाराखडीच्या तक्त्याला नमस्कार करून मोकळा झाला.

"बाई, मला नाचता येत नाही," त्याने तक्त्याला सांगितलं.

ते मला दहा मिनिटांत कळलं. मी मुलांना लेझीम शिकवायची. मोठा ढोल फळ्यांवर आडवा ठेवायचा, पोरांनी अनवाणी उभं राहायचं, ताल पायांतून वर येतो. मुलं चुकत नसत. पैलवान चुकायचा. डावा म्हटलं की उजवा, बस म्हटलं की उडी. आणि त्याने उडी मारली की खाली गिरणीत छताचा चुना दळणात पडायचा. गिऱ्हाइकं ओरडायची. मालक वर आले, हात जोडले, आणि पैलवानाने उडी सोडून काहीही करावं असं सांगून गेले. मी सगळ्या उड्या काढून टाकल्या.

मी त्याला फार बोलले. आता आठवलं की ओशाळायला होतं. एवढा मोठा माणूस, बायकांकडून ऐकून घ्यायची सवय नाही, तरी मान खाली घालून ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा. येताना पोरांसाठी आपल्या खुराकातले बदाम आणायचा. मी पाणी प्यायला गेले की मागे धिंगाणा सुरू. तो मुलांना डाव शिकवायचा. पट काढायला शिकवलं, म्हणजे खाली वाकून समोरच्याचा पाय धरून ओढायचा. पोरं एकेक करून त्याच्या पायाला लोंबकळत, चार-चार जण लोंबकळत, आणि तो मध्ये उभा. तो हलायचाही नाही. इगतपुरीची ती मुलगी सगळ्यांत जास्त वेळ लोंबकळायची. त्याच्याबरोबर नाचायला मी तिलाच निवडलं.

पोरांनी त्यालाही नाव ठेवलं. शड्डू ठोकतात तशी मांडीवर थाप.

विश्रांतीत तो कधी कधी बोलायचा. कुस्ती जिंकली की पैलवान फेटा सोडतो, त्याची झोळी करतो आणि मैदानाला फेरी मारतो. लोक हौसेने त्यात इनाम टाकतात. हरलेला कपडे उचलतो आणि खाली बघत निघून जातो. हरलेल्याने फेरी मारायची नसते. एकदा एका ठेकेदाराने त्याला सांगितलं होतं, आमच्या पोराखाली पड, जिंकून मिळेल त्याच्या तिप्पट देतो. कुस्तीगीर याला नुरा कुस्ती म्हणतात, आधी ठरवून केलेली. त्या दिवशी तो लंगोट न बांधताच मैदानातून घरी आला होता. हे सांगताना पहिल्यांदा त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं.

नाचाची गाडी मात्र पुढे सरकेना. मग मला एक युक्ती सुचली, आणि त्या युक्तीनेच पुढचा सगळा गोंधळ झाला. माणूस जन्मभर ज्या वाद्यावर हलला ते वाद्य त्याला द्यावं, असं मी म्हटलं. कुस्तीच्या मैदानात हलगी वाजते. तो आपल्या तालमीतला म्हातारा हलगीवाला घेऊन आला. हलगी कडाडली आणि काय सांगू, पैलवानाचे पाय जागेवर पडायला लागले. डावा तो डावा, उजवा तो उजवा. बाबा हलगीबरोबर टाच आपटायचे, मुलगी तो ताल फळ्यांतून घेत त्याच्या बाजूने फिरायची. मोठ्या बाई टाळ्या वाजवायला लागल्या. फक्त हलगी जलद झाली की पैलवान नाच विसरून खांदे पाडायचा आणि वाकायचा. मी हलगीवाल्या बाबांना बजावलं की काहीही झालं तरी ताल चढवायचा नाही. बाबांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

स्पर्धा दसऱ्यानंतरच्या रविवारी, भर दुपारी चारला. ऑक्टोबरचं ऊन, मांडव, माणसांची तोबा गर्दी. डॉक्टर नाचले, आणि खरं सांगते, सुरेख नाचले. नटीने घुंगरू बांधले होते. क्रिकेटपटूचं मला काही आठवत नाही. मुलीची आई मांडवाच्या कडेला बसली होती. कापणी चार दिवसांवर आलेली, तरी ती थांबली होती. जाताना मुलीला घेऊन जायचं की ठेवून, हे तिला त्या संध्याकाळी कळणार होतं.

आमची पाळी आली. पैलवान पांढऱ्या धोतरात, गुलाबी फेटा, तिच्या डोक्यालाही तसलाच छोटा फेटा. सुरुवात उत्तम झाली. पहिली फेरी झाली, दुसरी झाली, लोकांनी ठेका धरला. आणि तिथेच घात झाला. दोन हजार हात एका ठेक्यात वाजायला लागले, ते ऐकून बाबांना आपण मैदानात आहोत असं वाटलं असणार. चाळीस वर्षांची सवय, शपथ किती टिकणार. त्यांनी ताल चढवला.

पैलवान थबकला. खांदे पडले. त्याने खण्णकन मांडीवर शड्डू ठोकला.

मी कडेला उभी राहून हातवारे करत होते, माझ्या भुवया कुठे गेल्या असतील देव जाणे. मुलीला हलगी चढलेली स्टेजच्या फळ्यांतून कळली होती, पण पुढे काय करायचं ते कळेना. तिने पैलवानाकडे पाहिलं. तो वाकून उभा. मग तिने काय करावं? आपल्या एवढ्याशा मांडीवर शड्डू ठोकला आणि तीही वाकली.

मांडव हसून फुटायच्या बेताला आला. परीक्षकांनी पेन्सिली खाली ठेवल्या. दोघं गोल फिरायला लागली, खरीखुरी मैदानातल्यासारखी, आणि एका क्षणी ती सुळकन आत शिरली, त्याचा पाय धरला आणि पट काढला.

पैलवान पडला. सपशेल, दोन्ही खांदे फळ्यांवर, धाडकन. त्या आवाजानंतर सगळा मांडव एकदम गप्प झाला. नाशकातल्या माणसांनी त्या माणसाला पाठीवर पडलेलं कधी पाहिलं नव्हतं. तिने त्याच्या छातीवर हात ठेवला होता, आणि डोळे असे मोठे केले होते की आपण कुणाला मारून तर टाकलं नाही ना. बाबांची हलगीही थांबली. मग बाबांनी आपल्या धर्माला जागून कुस्ती निकाली झाल्यावरची जी वाजवायची ती वाजवली.

पैलवान उठला. पाठीला धूळ लागली होती, ती त्याने झटकली नाही. मुलीला उचलून खांद्यावर घेतलं, आपला फेटा सोडला, त्याची झोळी करून तिच्या हातात एक टोक दिलं, एक स्वतः धरलं, आणि तो स्टेजवरून खाली उतरला. तो हरला होता आणि फेरी मारत होता. पण फेरी त्याची नव्हती, तिची होती. जिंकलेल्या पैलवानाला खांद्यावर घेऊन हरलेला पैलवान निघाला होता. पहिल्या रांगेपासून शेवटच्या दोरीपर्यंत माणसं उठून उभी राहिली. खुर्चीवाले दिले, जमिनीवर बसलेले दिले, ज्या गिऱ्हाइकांच्या पिठात चुना पडला होता त्यांनीही दिलं. झोळी जड झाली तशी मुलीने दुसरा हात लावला.

मंडळाचे सचिव सफारीत घाम पुसत धावत आले. पहिला नंबर डॉक्टरांचा होता, आमचा शेवटचा. नियमाप्रमाणे मांडवात जमलेली सगळी रक्कम पहिल्या नंबराच्या संस्थेला जाते, तेव्हा ही झोळीसुद्धा जमा करावी लागेल, असं त्यांचं म्हणणं. मी तोंड उघडणार होते, आणि मी उघडलं असतं तर बरं झालं नसतं. पैलवान माझ्या आधी बोलला.

"साहेब, स्पर्धा आम्ही हरलो," तो शांतपणे म्हणाला. "हा स्पर्धेचा पैसा नाही. हा कुस्तीचा इनाम आहे. तो कुस्ती मारणाऱ्या पैलवानाचा."

सचिवांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी हात जोडले आणि आपल्या गळ्यातला हार काढून मुलीच्या गळ्यात घातला. विषय तिथेच मिटला.

आई मला शोधत कडेकडेने आली. तिला स्पर्धा, नंबर, नियम यातलं काही कळलेलं नव्हतं. तिने माझा दंड धरला.

"बाई, आता ही ऱ्हाईल ना?"

मला रडू फुटलं. रडू आलं की मला राग येतो, त्यामुळे मी तिच्यावर ओरडले की राहील, राहील, किती वेळा सांगू. तिने एकदाच विचारलं होतं.

चार दिवसांत तिसऱ्या खोलीतली पोती निघाली. चार खाटा आल्या, पातेली आली, त्र्यंबकच्या एक बाई स्वयंपाकाला राहिल्या. कापणी आटोपल्यावर आई मुलीला भेटायला आली तेव्हा नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन आली. त्या रात्री गिरणीवर पहिल्यांदा नव्या तांदळाचा भात शिजला, आणि चारही पोरींनी तो शब्द मला मोठ्याने म्हणून दाखवला. एकीचाही धड नव्हता, एकीचा सोडून.

पैलवानाला मात्र ते फळ्यांवरचं पडणं महागात गेलं. पुढच्या जत्रेत तो मैदानात उतरला की समोरच्या बाजूची टवाळ पोरं ओरडत, पोरीनं पाडलेला आला, पोरीनं पाडलेला आला. कुस्ती तो जिंकायचा, पण ओरडा थांबायचा नाही. शाळेच्या स्वयंपाकीणबाईंचा भाऊ हे मला सांगायचा आणि माझा जीव वरखाली व्हायचा. पैलवान नंतरही शाळेत बदाम घेऊन यायचा. त्याबद्दल एक अक्षर कधी बोलला नाही, आणि माझी विचारायची छाती झाली नाही. मुद्दाम पडला होता का? चार पोरं लोंबकळली तरी न हलणारा माणूस एका पोरीच्या हाताने कसा पडेल? मला उत्तर माहीत आहे असं मी धरून चालले होते.

बारा-तेरा वर्षांनी त्या मुलीचं लग्न ठरलं. ती तोवर शिवणकाम शिकून स्वतःच्या पायावर उभी होती. नवरा घोटीच्या भातगिरणीत कामाला, त्यालाही ऐकू यायचं नाही. गिरणी काही हिच्या नशिबातून सुटत नाही, असं मी मोठ्या बाईंना म्हटलं. लग्न घोटीला होतं. पैलवान आला. केस पांढरे, पोट थोडं सुटलेलं, फेटा गुलाबीच. नवऱ्याकडचे एक काका पाहुण्यांची चौकशी करत फिरत होते. त्यांनी विचारलं, आपण कुणाकडचे?

"नवरीकडचा," तो म्हणाला. "हिनं पाडलेला पैलवान."

काका काहीच न कळून हसले. जेवणाच्या पंगतीत मी त्याच्या शेजारी बसले. इतक्या वर्षांनी धीर केला आणि हळूच विचारलं, की पैलवान, आता तरी खरं सांगा, त्या दिवशी तुम्ही मुद्दामच पडलात ना?

त्याने हातातला घास पानात ठेवला. नुराच्या गोष्टीच्या वेळी पाहिलं होतं तसं माझ्याकडे सरळ पाहिलं.

"बाई, मुद्दाम पडलो तर ती नुरा झाली. नुराचा इनाम खोटा. मग ती खोली खोटी, त्या खाटा खोट्या, तिचं शिक्षण खोटं." त्याने मांडवाकडे बोट केलं. "तिच्याकडे बघा आणि मग मला विचारा."

ती पाटावर बसली होती, हातभर हिरवा चुडा. तिने आम्हाला बघताना पाहिलं. माझ्याकडे बघून दोन बोटांनी भुवया आवळल्या, आणि मग पैलवानाकडे वळून, भर मांडवात, शालू सावरत, मांडीवर खण्णकन थाप मारली.

मी पुन्हा विचारलं नाही.